नाताळाच्या बाभळीवरच्या चार चिंध्या

माय,

तुला अक्षरओळख नव्हती. आबानं सगळ्या मांगवाड्याला पाटीपुढं बसवलं, पण घरची बायको तेवढी त्याच्या हाती लागली नाही. तो बोलवायला आला की तू शिंदीचं पातं दातात धरून म्हणायचीस, "केरसुण्या काय तुमचा ग म भ न बांधनार हाय व्हय?" म्हणजे आज तू असतीस तरी हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि मी मला चांगली ओळखते, नेमक्या जागी खोकल्याचं निमित्त करून चार ओळी गाळल्या असत्या. तू जाऊन सोळा वर्षं झाली. आता गाळून फसवायचं कुणाला? मी मास्तरीण आहे, रोज पोरींच्या चुका लाल शाईनं दाखवते, पण माझी ही एक अजून कुठं लिहिलेली नाही.

बाहेर ओसरीवर तुझी नात बसली आहे. तीच, जिला न्हाऊ घालताना तू 'मोगलाईची राणी' म्हणायचीस. वीस वर्षांची झाली ती. नाताळासाठी माहेरी आली आहे, पण यंदा रिकाम्या हातांनी आली. तिची पहिली लेक, माझी नात, तुझी पणती, भादव्यात तापानं गेली. सात महिन्यांची होती, नुकती रांगायला लागली होती. लेक आता बाभळीच्या काट्यांवर लाह्या टोचते आहे. सकाळी तिनं आपल्या पेटीतून कुंचीचा एक तुकडा काढला, जांभळ्या खणाचा, कडेला माझ्याच हातची टीप, आणि माझ्यासमोर धरला. म्हणाली, "आई, आजीच्या चिंध्यांबरोबर ही पण बांधायची. आजीच्या चिंध्या इतकी वर्षं टिकल्यात, ही पण टिकेल ना?" मी म्हटलं, टिकेल. मग आत आले आणि चुलीपुढं नुसतीच बसून राहिले. कारण माय, ज्यांना ती आजीच्या चिंध्या म्हणते त्या तुझ्या नाहीतच. तुझ्या मी जाळल्या. हे तुला ठाऊक होतं आणि आबाला ठाऊक होतं. तुम्ही दोघंही गेलात, आणि आता या पोरीला खरं सांगायचं की नाही, हे मला एकटीला ठरवायचं आहे.

आपलं नाताळाचं झाड म्हणजे बाभळीची फांदी. साहेबांच्या मुलखात कसलं झाड लावतात ते आबानं एका चित्रात पाहिलं होतं, हिरवंगार, खाली रुंद, वर निमुळतं, टोकाला चांदणी. तसलं काही आपल्या माळावर उगवत नाही. उगवते ती बाभूळ. तेव्हा नाताळाच्या आदल्या दिवशी आबा कोयता घेऊन पाटलाच्या बांधावर जायचा. आधी विचारायचं आणि मग तोडायचं, अशी रीत होती, आणि पाटील दर वर्षी तोच विनोद करायचा, "काय मास्तर, कुंपनाला नेता का देवाला?" आबा दर वर्षी मान खाली घालून हसायचा. घरी आल्यावर तू विचारायचीस, "आज काय म्हनला पाटील?" आबा म्हणायचा, "तेच," आणि मग तुम्ही दोघं खरोखरीचे हसायचात. फांदी आबा पाहून निवडायचा, पार खालपासून फाटे फुटलेली. फुटक्या रांजणात माती भरून ती उभी केली की सगळा दिवस आपण तिघं तिच्याभोवती. एकेका काट्यावर ज्वारीची एकेक लाही. बोरं, लाल पिकलेली, तीही काट्यावर. शिंदीच्या पात्यांच्या चांदण्या तू वळायचीस, केरसुण्या बांधून बांधून बोटं इतकी सरावलेली की तुझं लक्ष भलतीकडंच असायचं आणि मांडीवर चांदण्यांचा ढीग पडायचा. माझ्या बोटाला काटा गेला आणि मी गळा काढला की तू ते बोट तोंडात धरायचीस, आणि मग म्हणायचीस, "उगी. प्रभूच्या डोक्यावर काय मोगऱ्याचा गजरा व्हता का?"

सगळं झालं की शेवटी तू हातपाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन उतरंडीपाशी जायचीस आणि अगदी तळच्या गाडग्यातून चार चिंध्या काढायचीस. माझ्या आधीची तीन आणि पाठची एक, अशी तुझी चार लेकरं मोठ्या दुष्काळात गेली. मी चार वर्षांची होते, मीच कशी उरले कोण जाणे. मला त्यातलं काही आठवत नाही आणि तुम्ही दोघं त्यावर बोलत नव्हतात. मला एवढंच ठाऊक की ती चार होती, आणि या चार चिंध्या त्यांच्या नावानं बांधायच्या. तू एकेकाचं नाव घेऊन गाठ मारायचीस, पण सगळ्या खालच्या फाट्यांना. थोरल्याची तुझ्या कमरेएवढ्या उंचीवर, त्याच्या पाठच्या बहिणीची वीतभर खाली, तिसऱ्याची आणखी खाली, आणि सगळ्यांत धाकटीची पार बुडख्याला, रांजणाच्या मातीला टेकलेली. मी एकदा विचारलं, "कावून गं इतक्या खाली बांधतीस? वर बांध की, दिसतील तरी." तू गाठ ओढता ओढता म्हणालीस, "त्यायचा हात तितवरच पुरतो." मी म्हटलं, आणि ही? तू म्हणालीस, "ती अजून बसत बी न्हवती." बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबुवांनी तुला सांगितलं होतं की नाताळाला प्रभूच्या घरचे सगळे एकत्र येतात, इथले आणि तिथले. ते बोलायला म्हणून बोलले असतील. तू ते शब्दाला शब्द धरलंस. लेकरं येणार, तर त्यांना आपलं दार ओळखू यायला हवं, आणि हात पुरेल अशा ठिकाणी त्यांचं काहीतरी असायला हवं. मला मात्र तेव्हा सगळी घाई असायची, कारण शेवटची गाठ बसली की तू गुळाचा खडा हातावर ठेवायचीस.

नवव्या वर्षी तुम्ही मला आपली निजामाची मोगलाई ओलांडून इंग्रजी मुलखात बोर्डिंगात घातलंत. तीन वर्षं मी नाताळाला घरी आलेच नाही. दोन दिवस बैलगाडी, हद्दीवरच्या नाक्यावर पेटी उघडून दाखवायची, एवढी सुट्टी कुठं मिळायची? तिथं सुरूचं झाड उभं करत. उंच, मऊ, अंगाला काटा म्हणून नाही. त्यावर मेणबत्त्या आणि काचेचे गोळे. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि त्या रडण्यात आनंद किती आणि आपल्या बाभळीची लाज किती, हे मला आजही सांगता येणार नाही. मूर्तींविषयीची, भुताखेतांविषयीची, मेलेल्यांना पुसायला जाऊ नये म्हणणारी सगळी वचनं मला पाठ होती. त्याचंच मला बक्षीस मिळालं, दोन काचेचे गोळे, एक लाल आणि एक रुपेरी. चौथ्या वर्षी, तेराव्यात होते तेव्हा, मला नाताळाला घरी पाठवलं, कारण बोर्डिंगच्या मडम स्वतः त्या थंडीत मोगलाईतल्या शाळा पाहत फिरणार होत्या आणि नाताळाच्या दिवशी आपल्या घरी यायच्या होत्या. नाक्यावरच्या शिपायानं माझे गोळे हातात घेऊन उन्हात धरले आणि विचारलं, "ये क्या है गे, अंडे?" मी नाक मुरडून त्याच्या हातातून ते काढून घेतले. फार शहाणी होते मी तेव्हा. इतकी शहाणी नंतर कधीच नव्हते.

आपल्या गावाच्या शिवेवर मरीआईची बाभूळ होती. नवस बोलायचा आणि चिंधी बांधायची, त्यामुळं पाला कमी आणि चिंध्याच जास्त. गावात शिरताना मी ती पाहिली आणि घरात शिरताना आपली. लेक येणार, पाहुणे येणार, म्हणून तू त्या वर्षी एक दिवस आधीच सगळं सजवून ठेवलं होतंस. पांढऱ्या लाह्या, लाल बोरं, आणि खाली त्या चार चिंध्या. उद्या मडम येणार आणि बक्षीस मिळवलेल्या मुलीच्या घरात हे! मला लाज वाटली. भीतीही वाटली, माझी माय मेलेल्यांना हाका मारते, तिचं पुढं काय होईल. पण खरं लिहायला बसले आहे तर खरं लिहिते, लाज आधी आली आणि भीती मागून. त्या चिंध्या कशाच्या आहेत हे मी कधी विचारलंच नव्हतं. घरातल्या कुठल्या तरी फाटक्या धडप्याच्या फाडल्या असतील, असं मी धरून चालले होते. तू केरसुण्या घेऊन शिरूरच्या बाजारी गेली होतीस, आबा शाळेत होता. मी गाठी सोडायला बसले. तुझ्या गाठी त्या, सुटतात कसल्या. बुडख्याची तर दातांनी सोडली. अंगणातल्या चुलीवर माझ्याच न्हाण्याचं पाणी तापत होतं, तिच्यात चारही घातल्या. धूरसुद्धा झाला नाही. मग लाल गोळा एका फाट्याला आणि रुपेरी दुसऱ्याला अडकवून मी लांब जाऊन उभी राहिले, कसं दिसतं ते पाहायला. छान दिसत होतं.

तू आलीस आणि डोक्यावरची पाटी न उतरवताच उंबऱ्यात थांबलीस. गोळ्यांकडं तुझं लक्ष गेलंच नाही. सरळ खाली पाहिलंस.

"हितल्या कुटं गेल्या?"

मी पाठ केलेलं वचन म्हणून दाखवलं, अध्याय आणि ओवीसकट. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस.

"बराबर हाय ते. पर ठिवल्यास कुटं?"

"जाळल्या."

तू पाटी खाली ठेवलीस. चुलीपाशी जाऊन उकिडवी बसलीस आणि राखेवर हात धरलास, तापलेल्या लेकराच्या कपाळावर धरतात तसा. मान वर न करता विचारलंस, "कंची आदी घातलीस?"

"म्हणजे?"

"पयली कंची घातलीस, बाई?"

"मला काय ठाऊक? चारी एकदमच घातल्या."

शेळी येऊन पाटीतली एक केरसुणी ओढायला लागली तरी तू तिला हाकललं नाहीस. मग म्हणालीस, "मंग बरं केलंस. एकमेकाला धरून गेले." आणि उठलीस, पदरानं हंडा उतरवलास. "पानी लई तापलंय. न्हाऊन घी, निवल." आणि मी न्हाले, माय. त्या पाण्यानं मी न्हाले आणि तू माझी पाठ घासून दिलीस.

दिवस कलला तेव्हा आबा दाराशी वाखाचा दोर वळत बसला होता. मास्तर झाला तरी ते काम त्यानं सोडलं नव्हतं. मला म्हणाला, इकडं ये, एक टोक धर. मी धरलं. पीळ घालता घालता तो बोलला, माझ्याकडं न पाहता. "दुष्काळात मी तुला खांद्यावर घिऊन म्होरं कामाला गेलतो, इंग्रजी मुलखात. तुझी माय मागून येत व्हती, चौघांना घिऊन. वाटंनं एकेक पडत गेलं. खड्डा खांदायला तिच्या अंगात बळ न्हवतं. वरून दगडं लावली. अन् उठताना ज्याच्या त्याच्या अंगावरचं फाडून घेतलं एकेक. धाकटीला अंगावर काय बी न्हवतं, मायच्या लुगड्यात गुंडाळल्याली, तर तिची लुगड्याची. माझ्यापशी आली तवा हातात येवढंच व्हतं." मी म्हटलं, "आबा, मला मार." खरंच म्हटलं मी. मला मार हवा होता. आबा म्हणाला, "मारून काय व्हनार? टोक सोडू नगंस, पीळ जाईल." मी टोक धरून उभी राहिले आणि तो दोर वळत राहिला. त्या वाटेवर दगड लावलेल्या जागा कुठं आहेत हे तुम्हाला दोघांनाही पुन्हा सापडलं नव्हतं. म्हणजे त्या चौघांचं म्हणून काय ते त्या चार चिंध्याच होत्या, आणि मी त्यांच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मडम आल्या. चहा घेतला, शाळेचं छप्पर गळतं का विचारलं, पोरांची प्रार्थना ऐकली आणि गेल्या. झाडाकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दुपारी शेळीच्या धक्क्यानं रुपेरी गोळा फुटला. तू काचा वेचून गावकुसाबाहेर पुरून आलीस, कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून. मला एका शब्दानं तू कधी बोलली नाहीस. त्याचाच मला राग यायचा. बाजारात कुणी केरसुणीला खोड काढली तर सात पिढ्या उद्धरणारी बाई तू, आणि माझ्यावर एक शिवी खर्च केली नाहीस. पुढच्या वर्षांतही तू लाह्या टोचल्यास, चांदण्या वळल्यास, पण शेवटी उतरंडीपाशी गेली नाहीस आणि ती नावं घेतली नाहीस. गूळ मात्र दिलास. तो मला गिळवेना.

बाळंतपणाला मी तुझ्याकडं आले होते तेव्हा एकदा धीर केला. तू मला तेल लावत होतीस, पोर शेजारी झोपली होती. माझी पाठ तुझ्याकडं होती, म्हणून जमलं. म्हटलं, "माय, त्या चिंध्या..." तू माझा खांदा दाबलास. "गप. बाळंतिनीनं रडू न्हाई. दूध आटंल." आणि तळपायाला लागलीस. मी रडले नाही, दूधही आटलं नाही. नंतर चार वर्षं होती माझ्या हातात, मला पुन्हा बोलता आलं असतं. माझी शाळा, माझा संसार, पाटोद्यापासून तुझ्या गावापर्यंतचा तेवढा रस्ता, दर वेळी काही ना काही. त्या चार वर्षांतच आबा गेला. त्याच्या मागं दोन वर्षांनी मानमोडीची साथ आली. मला निरोप मिळून मी निघेपर्यंत तिसरा दिवस होता. तुला मातीआड करून लोक आपापल्या घरच्या आजाऱ्यांकडं गेले होते. तुझ्या घरात मी एकटी उभी राहिले. उतरंड जागेवर होती. तळच्या गाडग्यात हात घालून पाहिला. रिकामं होतं, पण तू ते घासूनपुसून ठेवलेलं होतंस.

त्या नाताळाला तुझा जावई बाभळीची फांदी घेऊन आला. तो सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, औषधाच्या बाटलीसारखी ती फांदीही तिरकी धरून पाहत होता. आणि तुझी नात, चार वर्षांची, काट्यावर लाही टोचता टोचता म्हणाली, "आजी काय बांधायची?" माझ्याच तोंडून कधीतरी निघून गेलं असेल. काहीच बांधायची नाही म्हणाले असते तर संपलं होतं. मी आतल्या खोलीत गेले, पेटी उघडली, माझी जुनी चोळी काढली, तुझ्या जावयाचा सदरा काढला, एका लुगड्याचा काठ काढला आणि कात्रीनं चार चिंध्या कापल्या. मग लक्षात आलं, कात्रीची कड सरळ दिसते, म्हणून कडा हातानं उसवल्या. नव्या दिसत होत्या, म्हणून सोड्यात उकळल्या, राख चोळली, दोन दिवस उन्हात टाकल्या. खोटी चिंधी करायलाही मेहनत लागते, हे तोवर मला माहीत नव्हतं. पोरीला म्हटलं, या आजीच्या. तुझे दोन मामा आणि दोन मावश्या, त्यांच्या अंगावरच्या. त्यांचा हात पुरेल तितक्याच उंचीवर बांधायच्या. उंच्या मी बरोब्बर सांगितल्या.

तेव्हापासून दर वर्षी. मी मनात म्हटलं होतं, पोर मोठी झाली की सांगून टाकू. पण खोटं वाढत गेलं आणि त्याला माणसं येऊन मिळत गेली. आमच्या पाळकांनी एकदा उपदेशात तुझी गोष्ट सांगितली, नाव न घेता, अख्खी मंडळी डोळे पुसत होती आणि मी पहिल्या बाकावर ताठ बसले होते. प्रार्थना सुटल्यावर बायका घरी आल्या, चिंध्यांना हात लावून गेल्या. एकीनं आपल्या आजारी पोराचा हात त्यांच्यावर फिरवला. ज्या गोष्टीवरून मी तुला मरीआईच्या रांगेत बसवलं होतं, तीच माझ्या दारात माझ्या हातच्या खोट्या चिंध्यांना होत होती, आणि मी आल्यागेल्याला गूळ वाटत होते. लेक लग्न होऊन गेली तरी नाताळाला इथंच येते, आजीच्या चिंध्यांसाठी. तिचा नवरा भला माणूस. पहिल्या वर्षी त्यानं त्या चिंध्यांपुढं टोपी काढली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, तुझ्या नातीला अक्षर येतं. शाळेच्या कपाटात फुटक्या पाट्यांखाली राहील, तिकडं कुणाचा हात जात नाही. इथवर लिहिलं तेवढ्यात तिनं हाक मारली होती. लाह्या संपल्या होत्या, ती चिंध्यांची पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगायचं ठरवूनच उठले. तुझी शपथ, माय, ठरवूनच. तिच्यापुढं खाली बसले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "ऐक, मला तुला काही सांगायचंय." ती म्हणाली, "आधी माझं ऐक. हिची चिंधी मी बुडख्यालाच बांधते, धाकट्या मावशीच्या शेजारी. रांगत होती खरी, पण उभी कुठं राहत होती? तिथं तिला ओळखीचं कुणी नाही गं आई. पण दोघींचं नाव एकच आहे ना, त्या नावानं तरी मावशी तिला जवळ घेईल." आणि हसल्यासारखं केलं तिनं. भादव्यापासून तिचा चेहरा असा हललेला मी पाहिला नव्हता. माझं बोलणं तिथंच राहिलं.

आता राहिलेलं तेवढं लिहिते. पहिल्या तिघांची नावं मला येतात. धाकटीचं येत नाही. तू ते पार खाली वाकून, मातीशी तोंड नेऊन घ्यायचीस, आणि मी गुळाची वाट पाहत असायचे. नंतर तू नावं घेतली नाहीस, मी विचारलं नाही, आणि तू गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही. चार वर्षांच्या पोरीनं बुडख्याशी बोट लावून विचारलं, "आणि हिचं नाव काय?" तेव्हा समोर शाळेचा हजेरीपट उघडा पडला होता. त्यातलं एक नाव मी उचललं. तेच नाव माझ्या लेकीनं धाकट्या मावशीचं म्हणून मनात धरलं, तेच आपल्या लेकीला ठेवलं, त्याच नावानं तिला मातीत घातलं. आज तिनं दोन्ही गाठी मारल्या आणि ते नाव दोनदा घेतलं, एकदा तुझ्या लेकीसाठी, एकदा तिच्या. मग माझ्याकडं पाहिलं. आणि मी आमेन म्हटलं, माय. दोन्ही वेळा म्हटलं.